खुले पत्र: गोदेच्या पात्रात सिमेंट ओतण्याआधी झरे शोधा

मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळ्याची कामे पाहणारे सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, जिकडे बघावे तिकडे कामांची घाई आहे आणि ती समजण्यासारखी आहे. या घाईत रामकुंडापासून खालच्या पात्राला हात लावण्याआधी एक काम करावे, एवढीच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. पात्राच्या तळाशी जे झरे आहेत त्यांचा आधी शोध घ्या. तो नीट लागेपर्यंत तळावर सिमेंटची एकही गाडी रिकामी होऊ देऊ नका.

मी पंचवटीत राहते. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. मुलगी इंग्लंडात ब्रिस्टॉलला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा तिथून रेल्वेने पाव तासावर असलेले बाथ हे गाव पाहिले. औषधी, खनिजयुक्त गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी हे गाव रोमन काळापासून प्रसिद्ध आहे. १९८७ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे आणि २०२१ मध्ये युरोपातल्या अशाच अकरा झऱ्यांच्या गावांच्या यादीत युनेस्कोने त्याचे नाव पुन्हा एकदा घातले. एका भेटीत माझे समाधान झाले नाही म्हणून पुन्हा गेले, आणि दोन्ही वेळा तिथे उभी असताना डोळ्यांपुढे रामकुंड होते.

परदेश बघून आलेली माणसे "तिकडे किती स्वच्छ, नाहीतर आपल्याकडे" असे ऐकवतात. मला ते ऐकवायचे नाही. बाथनेही आपले पाणी हातचे घालवले होते, आणि त्याची किंमत एका लहान मुलीने जिवाने मोजली. त्याबद्दल पुढे लिहिते. मला सांगायचे आहे ते वेगळे. त्या गावाने स्नानाच्या जागेइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, पाणी जिथून येते त्या वाटेची काळजी घेतली.

तिथला मुख्य झरा 'किंग्ज बाथ' नावाच्या कुंडाच्या तळातून वर येतो. कठड्यावर वाकून पाहिले की हिरवट पाण्यातून बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात. आज एका जागी, थोड्या वेळाने हातभर पलीकडे. पाणी ४६ अंश सेल्सिअसचे, थंडीत त्याची वाफ दगडी भिंतींवरून वर चढत असते. दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी तिथून वर येते, पंप नाही, मोटर नाही. पुढे एका कमानीखालून जास्तीचे पाणी बाहेर पडते. तिथे मी बराच वेळ उभी होते. पाण्यातल्या लोहामुळे तो दगड गेरूसारखा तांबूस-नारिंगी झाला आहे, आणि त्या खालून जाणारी रोमन लोकांनी बांधलेली मोरी आजही ते पाणी एव्हन नदीत नेऊन सोडते.

रोमन बांधकाम करणाऱ्यांनी केले काय, ते तुमच्यातल्या स्थापत्य अभियंत्यांनी जरूर समजून घ्यावे. जागा दलदलीची होती. त्यांनी झऱ्याभोवती चिखलात ओकचे खांब ठोकले, त्या आधारावर दगडी भिंत उभी केली, तिला आतून शिशाचे पत्रे लावले, आणि जिथून पाणी येत होते तो तळ उघडा ठेवला. पाणी आत साठते, वाळू खाली बसते, वरचे निवळ पाणी स्नानाच्या कुंडात जाते. कुंडाचा तळ त्यांनी शिशाने बंद केला, झऱ्याचा नाही. साठवणीची जागा कुठली आणि उगमाची कुठली, हा फरक त्यांना नेमका कळला होता. सुमारे दोन हजार वर्षांनंतर ती व्यवस्था चालू आहे.

हे पाणी मुळात पावसाचे. गावाच्या नैर्ऋत्येला मेंडिप नावाच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत, तिथे पडलेला पाऊस खडकात मुरतो, २,७०० ते ४,३०० मीटर खोल उतरतो, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतो आणि भेगांच्या वाटेने हजारो वर्षांनी वर येतो. म्हणजे आज बाथमध्ये वर आलेले पाणी रोमनांच्याही आधी जमिनीत शिरलेले. अशा पाण्याची वाट एका ठिकाणी जरी कुणी फोडली, तरी झरा दुसरीकडे वळू शकतो. म्हणून १९८२ च्या 'काउंटी ऑफ एव्हन' कायद्यात त्या गावात खोल खोदकामावर बंधने घातली आहेत. घराचा पाया असो की बोअर, ठरावीक खोलीखाली जायचे तर आधी परवानगी लागते. झरा सरकारी जागेत आणि खोदकाम खासगी जागेत, ही सबब तिथे चालत नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण या पत्राचे कारणच ती आहे. १८१० च्या सुमारास बाथमधला एक गरम झरा आटला. लोक हवालदिल झाले, गावाचे पोट त्या पाण्यावर होते. तेव्हा विल्यम स्मिथ यांना बोलावले. हे गृहस्थ मोजणीदार. पुढे १८१५ मध्ये त्यांनी इंग्लंड-वेल्सचा भूस्तरांचा नकाशा काढला आणि इंग्लंडमधल्या भूशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आम्ही वर्गात त्यांचे नाव घेऊन थर शिकवायचो. त्यांनी झरा तळापर्यंत मोकळा करायला लावला. विरोध झाला, उरलेसुरले पाणीही जाईल अशी भीती होती. तळ मोकळा झाल्यावर दिसले, की झरा मेलेला नाही. पाण्याने बाजूला दुसरी वाट धरली आहे. ती वाट बंद केली, पाणी परत आले.

आधी बघितले, मग हात लावला. आपल्या पात्रात हा क्रम उलटा झाला.

आपले झरे बाथसारखे नाहीत, हे मी आधीच मान्य करते. ते गरम नाहीत, त्यांना औषधी म्हणून कुणी नावाजलेले नाही. तसे पाणी हवे तर कसारा उतरून तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला जावे लागते. आपल्या पात्रातले पाणी साधे, गार, बेसॉल्टमधले. दख्खनचा हा काळा दगड लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनला आहे. प्रत्येक थराच्या मधल्या भागात दगड घट्ट असतो, पण वरचा भाग सच्छिद्र, झिजलेला, भेगाळलेला. पावसाळ्यात पाणी त्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या फटीत मुरते आणि हळूहळू सखल जागेकडे सरकते. सगळ्यात सखल जागा म्हणजे नदीचे पात्र. तिथे ते तळातून आणि काठाच्या दगडातून पाझरते. नदी मार्च-एप्रिलपर्यंत वाहते ती याच पाझरावर. धरणे नव्हती तेव्हा उन्हाळ्यातली गोदा म्हणजे हेच पाणी.

आमच्या घरात जुन्या बायका सांगायच्या, की उन्हाळ्यात धार बारीक झाली की पात्रातल्या वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीने पाणी भरायचे. झिऱ्याचे पाणी वरच्या पाण्यापेक्षा गार आणि निवळ. रामकुंड १६९६ चे. पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी ते दुरुस्त करून घेतले. त्याच्या वर-खाली लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेध अशी कुंडे बांधली गेली. ही कुंडे म्हणजे नुसते धार्मिक हौद नव्हते. उन्हाळ्यात नदी आटत आली तरी इथे पाणी राहील, अशा जागा हेरून ती बांधली होती असे मला त्यांच्याकडे बघून वाटते. रामकुंडापाशी अरुणा येऊन मिळते, जवळच वाघाडी, म्हणजे पुराणातली वरुणा. गावातल्या पोरांना तीन नद्यांचा संगम तोंडपाठ असतो, पण अरुणा दाखव म्हटले तर बोट कुठे करायचे ते कुणालाच सांगता येत नाही. ती बांधकामांखाली गेली.

२००३ च्या सिंहस्थाच्या आधी पात्रात काँक्रीट घातले गेले. हेतू वाईट नव्हता. भाविकांचे पाय चिखलात रुतू नयेत, घसरू नयेत, पाणी सगळीकडे सारखे खोल राहावे. पण तळ बंद झाला. वरून धरणाचे पाणी सोडले की कुंड भरलेले दिसे, सोडले नाही की सत्य उघडे पडे. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले आणि त्यात टँकरने पाणी आणून ओतावे लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिले. पुढे नागरिकांच्या पाठपुराव्याने काही कुंडांतला सिमेंटचा थर काढला, आणि तिथे तळातून पाणी पाझरू लागले. ते पाहायला लोक घाटावर जमले होते. स्मिथ यांना बाथमध्ये जे दिसले तेच आपल्याला इथे दिसले. झरे मेले नव्हते.

मग आता अडचण काय, असे तुम्ही विचाराल. काम अर्धवट आहे, आणि पुन्हा एक सिंहस्थ आला आहे. नवे घाट, घाटांचे रुंदीकरण, सुशोभीकरण असे शब्द ऐकू येऊ लागले की माझ्या पोटात गोळा येतो.

सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. २००३ मध्ये चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला, हे कुठलाही नाशिककर विसरलेला नाही. पण ती माणसे पात्राच्या तळामुळे गेली नाहीत. घाटाकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या उतारावर गर्दी कोंडली म्हणून गेली. तेव्हा पात्रात काँक्रीट होतेच. २०१५ मध्ये येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे आखले, गर्दी लांबच्या घाटांवर वाटली, आणि पर्वणी सुखरूप पार पडल्या. सुरक्षितता रस्त्यांच्या आखणीत, पायऱ्यांत, कठड्यांत, दोरखंडांत आहे. पायाखाली घट्ट तळ हवाच असेल तर सुट्या दगडांची फरसबंदी करता येते, ज्यांच्या सांध्यांतून पाणी वर येईल. काठ बांधा, हवे तितके मजबूत बांधा. तळ मोकळा ठेवा.

दुसरे उत्तर मला माहीत आहे: गंगापूर धरणातून पाणी सोडणारच आहोत, मग झऱ्यांचे एवढे काय? सिंहस्थाची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात, तेव्हा नदीला पाणी असतेच. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. रामकुंडावर बारा महिने, रोज, कुठून कुठून माणसे अस्थी घेऊन येतात. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये इथे आल्या, आणि आज सकाळीही कुठल्यातरी गावची चार माणसे तांब्याचा कलश घेऊन उभी असतील. मे महिन्यात त्यांच्या वाट्याला येते ते साचलेले पाणी. झरे जिवंत असतील तर तेच पाणी खालून थोडे थोडे बदलत राहते. तो बदल डोळ्यांना फार दिसणार नाही, पण साचलेले पाणी आणि जिते पाणी यांतला फरक नदीकाठच्या माणसाला नाकाने कळतो.

आता बाथमधल्या त्या मुलीबद्दल. १९७८ मध्ये तिथल्या झऱ्याच्या पाण्यात पोहल्यानंतर ती मेंदूच्या संसर्गाने गेली. गरम पाण्यात वाढणारा एक अमिबा त्या पाण्यात सापडला. पाणी खोल खडकात शुद्ध होते, बिघडले ते वरच्या थरांत. स्नान बंद झाले. मग त्यांनी झऱ्याच्या वरच्या, दूषित भागाला वळसा घालून खालून स्वच्छ पाणी आणणारे नवे बोअर घेतले, पाण्याची नियमित तपासणी सुरू केली, आणि सार्वजनिक स्नान पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडले. अठ्ठावीस वर्षे त्या गावात झऱ्याच्या पाण्यात कुणी उतरले नाही. रोमन काळच्या मोठ्या कुंडाच्या पाण्याला आजही हात लावू देत नाहीत, जागोजागी तशा पाट्या आहेत. पर्यटक हजारो मैलांवरून आलेला असतो, पैसे मोजून आत आलेला असतो, तरी नाही म्हणजे नाही. पाणी पिऊन बघायचे तर शेवटी एका छोट्या नळावर शुद्ध केलेले मिळते. मी प्यायले. कोमट, लोखंडाच्या चवीचे.

आपल्याला कुणाला रामकुंडात उतरू नका म्हणता येणार नाही, आणि म्हणूही नये. म्हणूनच आपली जबाबदारी त्यांच्यापेक्षा मोठी आहे. वाघाडी, नासर्डी आणि नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याबद्दल न्यायालयांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांनी लिहिले-बोलले आहे, मी त्यात भर घालत नाही. एवढेच म्हणते, की रामकुंडावर त्या दिवशीच्या पाणी तपासणीचा आकडा मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावा. चांगला असो की वाईट, उतरणाऱ्या माणसाला तो समजला पाहिजे.

झरे शोधायचे कसे, हेही सांगते, कारण हे काम महाग नाही. सिंहस्थाच्या आधीचा उन्हाळा हातात आहे. एप्रिल-मेमध्ये काही दिवस वरून पाणी सोडणे थांबवा, एकेका कुंडातले पाणी उपसा आणि पहाटे, ऊन चढण्याआधी, तळ बघा. जिथे ओल परत येते तिथे खूण करा. पाणी पूर्ण उपसता येत नसेल तर साधा तापमापक पुरे. मे महिन्यात उन्हाने तापलेल्या पाण्यात जिथे गार पट्टा लागतो, तिथे खालून झरा आहे. हा प्रयोग नववीची मुले करू शकतात. पुढचे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे द्या, त्यांच्याकडे भूवैज्ञानिक आहेत, विहिरींच्या पातळीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. आणि काठावरच्या जुन्या माणसांना विचारा. तीर्थोपाध्याय, कपडे धुणारे, नाव चालवणारे, मासे धरणारे. कुठल्या कुंडात पाय टाकला की गार लागायचे, हे त्यांना कुठल्याही यंत्राच्या आधी सांगता येईल.

मग नकाशा करा आणि तो लोकांसमोर मांडा. झऱ्यांच्या आसपासच्या पट्ट्यात नव्या बोअरना आवर घाला. काठावरच्या इमारती जमिनीतले पाणी उपसत राहिल्या की भूजलाची पातळी पात्राच्या खाली जाते आणि मग नदी जमिनीकडून पाणी घेण्याऐवजी जमिनीला देऊ लागते, तळ उघडा असला तरी. राज्याचा २००९ चा भूजल कायदा आहे. त्याचा आधार घेऊन या पट्ट्यासाठी काय करता येईल, ते तुमच्या विधी विभागाला विचारता येईल.

झाकलेले उघडण्याची या गावाला सवय आहे. जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले जुने दगडी हौद, वर्षभर लाकडाच्या फळ्या आणि मातीखाली बंद असतात, रंगपंचमीला त्या उकरून, पूजा करून उघडतात आणि पुन्हा बंद करतात. वरून गाड्या जातात, पोरे खेळतात, पण खाली रहाड कुठे आहे ते गल्लीतल्या लहान मुलालाही माहीत असते. कुणी तिथे सिमेंट ओतायला आला तर गल्ली अंगावर येईल. पात्रातल्या झऱ्यांची माहिती लोकांत तेवढी मुरली, तर तुम्हाला पहारेकरी नेमावा लागणार नाही.

माझी विनंती अशी, की पात्रात जी कामे ठरली आहेत त्यांची यादी, तळाला कुठे हात लागणार आहे याच्या खुणांसह, जाहीर करावी. तळाशी काय करणार, दगड की काँक्रीट, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. झऱ्यांची पाहणी कुठल्या आठवड्यात करणार, तीही तारीख कळवावी. माझे जुने विद्यार्थी आज या शहरात अभियंते आहेत, कुणी भूगोल शिकवतो, कुणी बागा राखतो. पाहणीच्या दिवशी पहाटे तापमापक आणि वह्या घेऊन आम्ही रामकुंडावर हजर राहू. मोबदला नको, ओळखपत्र दिलेत तर सोय होईल.

उत्तराच्या अपेक्षेत,

आपली,
पंचवटीतील एक नाशिककर